पाच नंबरची जर्सी

कर्ट होकस्ट्राला रडायला फार छान येतं. डोळे काठोकाठ भरतात, पण थेंब खाली पडत नाही. थेंब पडला की नाक लाल होतं आणि फोटो बिघडतो, हे त्याला कुणीतरी लहानपणीच सांगून ठेवलं असावं. आमच्या कॉलेजातल्या मुलींच्या सॉकर टीमचा तो मुख्य कोच होता. त्याने मन लावून सराव केला असेल तर या एकाच गोष्टीचा.

मी नोरीन, त्याची सहायक कोच. सहायक म्हणजे काय, तर सराव मी घ्यायचा, पोरींच्या घोट्यांना पट्ट्या मी बांधायच्या, लांबच्या मॅचला जाताना बसमध्ये एखादीला मळमळलं तर तिचे केस मी धरायचे, आणि जिंकून आलो की माइकसमोर स्वारी उभी राहणार. हरलो तर मात्र, "नोरीन, बचाव तुझ्याकडे होता ना?" मला पूर्वी त्याचा राग यायचा. आता नुसती किळस येते, आणि किळस बरी पडते, तिने रक्तदाब वाढत नाही.

ही टीम त्याने उभी केली असं तो सगळीकडे सांगतो. साफ खोटं. टीम उभी केली लॉरेनबाईंनी. आयोवातल्या थंडीत, बर्फ बाजूला सारून, स्वतःच्या गाडीच्या डिकीत बॉल घालून फिरवून. बाई निवृत्त झाल्या आणि हा पोऱ्या आयत्या वाढलेल्या ताटावर येऊन बसला. पहिल्याच वर्षी बाईंनी घडवलेल्या पोरींनी अजिंक्यपद आणून दिलं. मॅच बघायला आलेल्या लॉरेनबाई अजिंक्यपदाच्या फोटोत कडेला उभ्या होत्या. कर्टच्या ऑफिसात तो फोटो लागला तेव्हा कड कापलेली होती. बाईंचा एक कोपर तेवढा राहिला होता.

त्याचा आवडता शब्द 'कुटुंब'. शाळेतल्या चांगल्या खेळाडू पोरींना आपल्या कॉलेजकडे ओढायचं तर त्यांच्या घरी जाऊन आईबापांसमोर बसावं लागतं, आणि या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. समोर जे येईल ते दोनदा वाढून घ्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "ही चव मी माझ्या आजीनंतर पहिल्यांदा चाखली." एकदा गाडीत मी त्याला विचारलं, "अरे, तुझी आजी एवढं काय काय करायची तरी कधी?" तर म्हणाला, "आजी? ती मी जन्मायच्या आधीच गेली." आणि गाणं लावलं.

मॅरिट टॉलेफसनच्या घरीही आम्ही असेच गेलो होतो. गावाबाहेर त्यांचं डुकरं पाळायचं शेत. तिच्या आईने, कार्लाने, चिकन आणि नूडल्स केल्या होत्या. आजीची आठवण निघाली, डोळे भरले, सगळं यथासांग झालं. मग कार्लाचा हात हातात घेऊन साहेब म्हणाले, "आजपासून तुमची मुलगी ती माझी मुलगी."

तिचा बाप वॉल्ट पावाला लोणी लावत होता. मान वर न करता म्हणाला, "बाप आहे तिला एक."

माझा घास घशात अडकला. मॅरिट तोंडावर हात धरून हसत होती. त्या पोरीवर माझा जीव जडला तो तिथेच.

मॅरिट बचावात खेळायची, पाच नंबरची जर्सी घालून. पळायला फार वेगवान नव्हती. पण समोरची पोरगी बॉल कुठे नेणार हे हिला त्या पोरीच्याही आधी कळायचं, आणि ही तिथे जाऊन शांतपणे उभी असायची. तीन वर्षं तिने आमच्या गोलपुढची जागा राखली. शेवटच्या वर्षाच्या आधीच्या हिवाळ्यात आतला हॉल अमेरिकन फुटबॉलच्या हेल्मेटवाल्या पोरांना दिला गेला. कर्टने भांडावं की नाही? नाही. संचालकांसमोर मान डोलावून आला आणि आम्हाला म्हणाला, "थंडीतच माणूस घडतो, बाहेर सराव घ्या." जमीन गोठून दगड झालेली. मी नको म्हणून दोनदा सांगितलं. पोरी त्या दगडावर धावत होत्या आणि साहेब मैदानाच्या कडेला गाडीत हीटर लावून काचेतून माणसं घडताना बघत होते.

मॅरिट वळली आणि तिचा गुडघा वळला नाही. तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. कर्टने काच थोडी खाली केली आणि विचारलं, "काय झालं?"

हॉस्पिटलात तो गेला, कॉलेजचा फोटोवाला बरोबर घेऊन. मॅरिटच्या उशाशी बसला, डोळे भरले, फोटो झाला, स्वारी उठली. उन्हाळ्यात ड्रेसिंग रूममधलं तिचं कपाट रिकामं करून एका नव्या पोरीला दिलं. मॅरिटचे बूट आणि नीकॅप कागदी पिशवीत घालून दाराशी ठेवलेले होते. ते मी उचलून माझ्या टेबलाखाली ठेवले.

वर्षभर ती खेळणार नव्हती, म्हणजे पुन्हा कधीच खेळणार नव्हती, कारण ते तिचं शेवटचं वर्ष. तिची एकच इच्छा होती. घरच्या मैदानावरची शेवटची मॅच आमच्याकडे शेवटच्या वर्षाच्या पोरींची असते. आईबापांबरोबर चालत मैदानात यायचं, फुलं, टाळ्या, फोटो. आणि एखादी पोरगी जायबंदी असेल तर तिचा मान म्हणून दोन्ही टीम ठरवतात, की सुरुवातीचा बॉल तिच्या पायाला लागेल. ती एक पास देईल, मग आपल्याच टीमने बॉल मैदानाबाहेर मारायचा, खेळ थांबतो, ती टाळ्यांच्या गजरात बाहेर येते, बदली पोरगी आत जाते, आणि खरी मॅच सुरू होते. नियमांत हे कुठेच नाही. दोन कोच एकमेकांना शब्द देतात, त्यावर चालतं. इतकी वर्षं चालत आलंय.

"मला फक्त एकदा पाच नंबर घालून आत जायचंय, कोच नोरीन," मॅरिट म्हणाली होती. "एकदा बॉलला पाय लागू दे. मग मी बूट काढून ठेवते आणि पुन्हा नाव काढत नाही."

डॉक्टरांनी सांगितलं, उभी राहा, सरळ पास दे, वळू नकोस. तेवढ्यासाठी ती सबंध उन्हाळा आणि पानगळ रोज व्यायाम करत राहिली. मी तिचा पाय धरायची. ती ओठ चावून रक्त काढायची, पण पाय सोडा म्हणायची नाही.

प्रतिस्पर्धी टीमची कोच बेव. पांढऱ्या केसांची, खरखरीत आवाजाची बाई, कुणाशी गोड बोलली तर दुसऱ्या दिवशी ताप येईल अशी. तिला मी फोन केला.

"त्यात विचारायचं काय, नोरीन?" ती म्हणाली. "सुरुवातीचा बॉल तुमचा. माझ्या पोरी उभ्या राहून टाळ्या वाजवतील."

"शब्द?"

"शब्द. आणि तुझा?"

"माझाही," मी म्हणाले.

कर्टला सांगितलं तर तो फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला, "छान, छान. कुणालातरी व्हिडिओ काढायला सांग."

पण मॅचच्या दिवशी त्याची कळा वेगळीच होती. नवा टाय, केसांना काहीतरी चोपडलेलं. ती मॅच जिंकलो असतो तर आम्ही पुढच्या स्पर्धेत गेलो असतो. आणि प्रेक्षकांत वरच्या बाकावर, उंटाच्या रंगाचा कोट घालून, दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठाचा माणूस बसला होता. तिथल्या मुख्य कोचची जागा रिकामी होती. स्वारी त्या जागेसाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसली होती हे आमच्या झाडूवाल्यालाही माहीत होतं.

ड्रेसिंग रूममध्ये त्याने पोरींना जवळ बोलावलं.

"पोरींनो, आपण कोण आहोत?"

"कुटुंब," पोरी पाढा म्हटल्यासारख्या म्हणाल्या.

"कुटुंबासाठी आपण काय करतो?"

"काहीही."

"शाब्बास. मग ऐका. मॅरिट मागे पास देईल. डॅनी, तू बॉल बाहेर मारायचा नाहीस. उजवीकडे लांब टाक, तिथून सरळ गोल. त्या टाळ्या वाजवत असतील. त्या टाळ्या वाजवत असतील तेव्हाच मारायचा."

डॅनी आमची कॅप्टन, मॅरिटची खोलीतली जोडीदार. ती बुटांकडे बघायला लागली.

मॅरिट म्हणाली, "कोच, पण बॉल बाहेर मारायचा असं ठरलंय ना?"

तो हसला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू फक्त मागे पास दे, राणी. वर्षभर तुझ्या गुडघ्याचा टीमला काही उपयोग झाला नाही. आज होऊ दे."

मी त्याला हाताला धरून बाहेर बोळात ओढला.

"कर्ट, मी बेवला शब्द दिलाय."

"तू दिलायस ना? मी कुठे दिलाय?"

"अरे, काही लाजलज्जा?"

"नियमात कुठे लिहिलंय ते दाखव मला." टायची गाठ सारखी करत तो म्हणाला, "आणि हे बघ, मी इथून गेलो की ही खुर्ची रिकामी होणार आहे. तुझं नाव कुणीतरी सुचवायला लागेल. जरा डोकं थंड ठेव."

"चुलीत घाल तुझी खुर्ची," मी म्हणाले. पण तोवर तो दार उघडून बाहेर, लोकांकडे बघून हात हलवत.

बेवला सांगायला हवं होतं. पण फुलं, आईबाप, त्यांच्या रांगा, हे सगळं सहायकाच्या गळ्यात. कार्लाच्या कोटाला मी फूल टोचलं. वॉल्टने नवी टोपी घातली होती, तिची किमतीची चिठ्ठी आत तशीच. मॅरिट दोघांच्या मध्ये उभी, पाच नंबर घालून, तोंड पांढरं.

"डॅनी नाही करणार तसं," ती माझ्या कानाशी पुटपुटली. "मी ओळखते तिला."

लेकीच्या हातात हात घालून दोघं मैदानात चालत गेली, लोक उभे राहिले, आणि कार्ला रडली. तिचं नाक लाल झालं. खऱ्या रडण्यात होतं तसं.

ते संपलं आणि मी बेवच्या बाकाकडे निघाले. अर्ध्यात पोचले असेन, तोच राष्ट्रगीत सुरू झालं. आता आमच्याकडे राष्ट्रगीत लागलं की माणूस जिथे असेल तिथे थिजतो. मी मैदानाच्या मधोमध, छातीवर हात, आणि समोर हाकेच्या अंतरावर बेव, टोपी काढून. गाणारी पोरगी संगीत विभागातली होती. तिने एकेक सूर असा ताणला की मला वाटलं आता हिवाळा येईल. गाणं संपल्या संपल्या मी धावले, तर पंच आडवा आला. "कोच, तुमच्या जागेवर जा. खेळ सुरू करतोय." मी बेवला हाक मारली. बँड वाजत होता. तिला वाटलं मी आभार मानतेय. तिने हात वर केला आणि हसली. ती बाई हसली, आणि तेही त्या दिवशी.

शिट्टी वाजली. बॉल मॅरिटकडे आला. तिने तो उजव्या पायाने थांबवला, एक क्षण त्याच्याकडे बघितलं, आणि सरळ, नीट, डॅनीकडे मागे दिला. बेवच्या सगळ्या पोरी टाळ्या वाजवत होत्या. त्यांच्या गोलकीपरने तर हातमोजे काढून काखेत धरले होते, टाळी नीट वाजावी म्हणून.

डॅनीने बॉल उजवीकडे लांब टाकला.

गोल झाला तेव्हा कुणी ओरडलं नाही. आमचे लोकही नाहीत. आमच्या बाकावर एकटा कर्ट मूठ हवेत उडवून उभा होता. मॅरिट मधल्या वर्तुळात होती, लोकांना अभिवादन करायला उचललेला हात तसाच वर. मग तिने तो खाली घेतला.

बदली पोरगी रेषेवर तयार होती. कर्ट ओरडला, "मॅरिट, बाहेर ये."

मॅरिट जागची हलली नाही.

"मॅरिट, बाहेर." तो हाताने बाजूला हो, बाजूला हो अशी खूण करायला लागला. पंच म्हणाला, पोरगी स्वतः येत नाही तोवर मी काही करू शकत नाही. कर्टचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याच्याकडे बघून बरं वाटलं.

मॅरिट लंगडत डॅनीकडे गेली. वळू नको म्हणून सांगितलेला गुडघा घेऊन, वळून. मी रेषेच्या कडेने धावत गेले होते, मला सगळं ऐकू आलं.

"बाजूला हो, डॅनी. त्यांना येऊ दे."

"कोच काय म्हणतील? मला पुढच्या वर्षी खेळायचंय गं."

"मला पण खेळायचं होतं," मॅरिट म्हणाली. "बाजूला हो."

आमची गोलकीपर सगळ्यात आधी सरकली. गोलच्या खांबाला धरून बाहेर उभी राहिली. मग एकेक करून बाकीच्या. डॅनी सगळ्यात शेवटी, डोळे पुसत. बॉल आता बेवच्या टीमकडे होता, पण त्यांची कॅप्टन पुढे यायला तयार होईना. आणि का यावं तिने?

"पुन्हा काही डाव आहे का तुमचा?" तिने विचारलं.

"नाही," मॅरिट म्हणाली. "चल, मी येते तुझ्याबरोबर."

आणि ती गेली. ती पोरगी हळूहळू बॉल पुढे ढकलत होती आणि मॅरिट तिच्या शेजारून लंगडत चालली होती, पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवायला जावं तशी. अख्खं मैदान उभं होतं. बॉल जाळ्यात गेला. मॅरिटने त्या पोरीशी हात मिळवला आणि मग ती स्वतःच्या पायाने बाहेर आली.

कर्ट दात दाबून तिला म्हणाला, "आत जाऊन बस. पुन्हा माझ्या नजरेसमोर येऊ नकोस." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. वॉल्टही कठड्याशी होता, त्यानेही ऐकलं.

मॅच बरोबरीत सुटली. स्पर्धा हुकली. उंटाच्या रंगाचा कोट केव्हाच निघून गेला होता. बेव जाताना माझ्यापाशी थांबली.

"शब्द दिला होतास, नोरीन."

"हो."

"त्या पोरीने पाळला," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

आता खरी गंमत ऐका. कुणा विद्यार्थ्याने फोनवर व्हिडिओ काढला होता, पण त्याने फोन खिशातून काढला तो मॅरिट बाहेर यायला नकार देते तेव्हा. म्हणजे आमचा चोरटा गोल त्यात नाहीच. त्यात काय दिसतं? एक लंगडी पोरगी, बाजूला होणाऱ्या टीममेट, आणि रेषेवर उभा कोच, हाताने बाजूला हो, बाजूला हो अशी खूण करणारा. बघणाऱ्याला वाटतं, हा देवमाणूस स्वतःच पोरींना सांगतोय, वाट द्या म्हणून. दोन दिवसांत तो व्हिडिओ देशभर फिरला. आधीच्या गोलची बातमी कुणाला नको होती. गोड गोष्ट मिळाल्यावर लोक तिच्या मागची भांडी कशाला उचकटतील?

टीव्हीवाले आले. कर्टने दुसरा टाय घातला. "मी पोरींना एवढंच शिकवलं," तो म्हणाला, "जिंकणं येतं जातं, आपण कुटुंब आहोत." डोळे भरले. थेंब पडला नाही.

मी संचालकांकडे गेले. सगळं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नोरीन, आता कशाला उकरून काढतेस? कॉलेजचं नाव होतंय." मी मॅरिटला म्हटलं, तू बोल. ती सुजलेल्या गुडघ्यावर बर्फ धरून बसली होती.

"बोलले तर डॅनीचं नाव निघेल," ती म्हणाली. "पास तिने टाकला होता ना. लोक तिला खातील. राहू दे."

या पोरीला तेवढी माणुसकी होती आणि तो बाप्या त्या माणुसकीच्या आडोशाला बसून टाळ्या घेत होता. प्रशिक्षकांच्या कुठल्याशा संघटनेने त्याला खिलाडूवृत्तीचा पुरस्कार दिला. आणि दक्षिणेतून फोन आला. उंटाच्या रंगाचा कोट मॅच अर्धवट सोडून गेला होता, पण व्हिडिओ त्याने पूर्ण बघितला होता. साहेबांना नोकरी मिळाली.

टीमचं वार्षिक जेवण आणि साहेबांचा निरोप एकाच संध्याकाळी, कॉलेजच्या भोजनगृहात. चिकन, बटाट्याचा लगदा, वाफवलेल्या शेंगा. आमच्याकडे शेवटच्या वर्षाच्या पोरींना त्यांची जर्सी काचेच्या चौकटीत घालून देतात. मॅरिटची सगळ्यात शेवटी ठेवली होती. का ते मला लगेच कळलं.

"आणि आता," कर्ट माइकमध्ये म्हणाला, "जिने मला खेळ शिकवला ती माझी मुलगी."

मॅरिट काठी टेकत वर गेली. त्याने चौकट तिच्या हातात दिली, खांद्यावर हात टाकला. मी त्याचा चेहरा बघत होते, आणि मला एक गोष्ट उमगली. तो खोटं बोलत नव्हता. इतक्यांदा सांगून सांगून त्याला ते सगळं खरं वाटायला लागलं होतं. नाहीतर पुढचा मूर्खपणा त्याने केला नसता.

"मॅरिट," तो म्हणाला, "त्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये मी तुम्हाला काय सांगितलं होतं, ते सांग यांना."

मॅरिटने डॅनीकडे बघितलं. डॅनी तिसऱ्या टेबलावर होती. तिचा चेहरा उतरला, पण तिने मान हलवली, सांग म्हणून. आपल्यावर काय येणार आहे हे माहीत असून हलवली. मी त्या पोरीला त्या क्षणी माफ केलं.

मॅरिट माइकशी गेली. आवाज न चढवता म्हणाली, "कोच म्हणाले, त्या टाळ्या वाजवत असतील तेव्हाच मारायचा. मग मला म्हणाले, वर्षभर तुझ्या गुडघ्याचा टीमला काही उपयोग झाला नाही, आज होऊ दे."

काटेचमचे थांबले. कर्टचा हात अजून तिच्या खांद्यावर होता. तो तिने बाजूला केला आणि चौकट त्याच्या हातात दिली.

"ही तुम्हीच ठेवा, कोच," ती म्हणाली. "त्या दिवसाची गोष्ट तुम्हीच सांगत फिरता, तर जर्सीही तुम्हालाच लागेल."

ती खाली उतरली. वॉल्ट उठला, त्याने टोपी घातली, कार्लाने पर्स उचलली आणि तिघं केक यायच्या आधीच निघून गेली. तिसऱ्या टेबलावरून डॅनी उठून त्यांच्या मागे धावली.

तुम्हाला वाटेल, आता त्याचं तोंड काळं झालं असेल. छे. तो चौकट छातीशी धरून उभा होता. मग हसला आणि माइकमध्ये म्हणाला, "आमच्या मॅरिटची थट्टा अशीच असते, कोरडी." आणि लोक हसले. सगळे नाही, पण पुरेसे हसले. संचालकांनी टाळ्या सुरू केल्या. करार सहीनिशी झालेला होता. दुसऱ्या आठवड्यात त्याने सामान भरलं आणि गेला.

त्याची खुर्ची मला मिळाली, त्याने न सुचवता. पहिल्या दिवशी मी तो कापलेला फोटो उतरवला आणि लॉरेनबाईंच्या घरचा अख्खा फोटो मागून आणून तिथे लावला. मॅरिट शेतावर असते, गावातल्या लहान पोरींना शनिवारी शिकवते, उभ्या उभ्या.

परवा त्या लहान पोरींमधल्या एकीची आई माझ्या ऑफिसात आली. तिची मोठी मुलगी फार छान खेळते, सगळीकडून बोलावणी आहेत. नुकतीच दोघी दक्षिणेतलं ते मोठं विद्यापीठ बघून आल्या होत्या. बाई भारावलेली होती. कोच काय प्रेमळ आहेत, म्हणाली. घरी आले होते तेव्हा माझं चिकनचं कॅसरोल दोनदा वाढून घेतलं, आजीची आठवण निघाली त्यांना.

"आणि त्यांच्या ऑफिसात," ती म्हणाली, "खुर्चीच्या मागे भिंतीवर एक जर्सी आहे. पाच नंबरची. म्हणाले, माझ्या एका मुलीने निरोपाच्या दिवशी, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने मला दिली. सांगताना डोळे भरून आले हो त्यांचे. मुलगी तर तिथेच हो म्हणायला निघाली होती. मीच म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं. खरंच दिली का हो तिने?"

मी दार लावून घेतलं आणि तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

"हो, दिली खरी," मी म्हणाले. "बसा जरा. कशी दिली ते सांगते."